मनाचा ताण आणि रक्ताचा दाब

बुलढाणा जिल्ह्यांतील बीबी हें माझें गांव. मास्तरकीच्या काळांत परीक्षेच्या दिवशीं हटकून पोट धरून बसणारीं मुलें मीं पुष्कळ पाहिलीं आणि सोंग समजून त्यांना तसेंच परीक्षेला बसविलें. निवृत्तीनंतर माझाच रक्तदाब वाढला. डॉक्टरांच्या मेजाशीं बसलों कीं आंकडा चढे, घरीं स्वस्थपणें मोजला कीं उतरे. तेव्हां तीं मुलें आठवलीं. मी कांहीं सोंग करीत नव्हतों.

भीति वाटली म्हणजे मेंदूच्या आज्ञेनें मूत्रपिंडांच्या माथ्यावरील ग्रंथींतून अ‍ॅड्रेनलीन नांवाचा रस रक्तांत उतरतो. हृदय जलद चालतें, बारीक रोहिण्या आकसतात, दाब चढतो. वाघ समोर आला तर ही व्यवस्था उपकारक. पण पिकाचा पडलेला भाव, कर्जाचा हप्ता, हे वाघ महिनोन्‌महिने दारांतून हलत नाहींत.

ताण दाब चढवीत असेल, तर शांति तो उतरवील काय? हा प्रश्न मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांतील हृद्रोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते व त्यांचे सहकारी यांनीं हातीं घेतला आणि १९६९ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केले. योगक्रियांना प्रयोगाच्या कसोटीस लावण्याचा उद्योग महाराष्ट्रांत नवा नव्हता. स्वामी कुवलयानंदांनीं १९२४ सालींच त्यासाठीं लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापिलें होतें. दाते यांनीं ४७ रुग्णांना शवासन शिकविलें. शवासन म्हणजे नुसतें आडवें होणें नव्हे. तसें असतें तर दुपारीं जेवून लवंडणारे आपण सर्वच योगी ठरलों असतों! अंग सैल सोडून उताणें निजावयाचें, श्वास सावकाश व तालबद्ध ठेवावयाचा आणि लक्ष त्याच्यावर खिळवावयाचें. औषध न घेणाऱ्या १० रुग्णांचा सरासरी दाब पाऱ्याच्या १३४ मिलिमीटरांवरून १०७ वर आला. हा वरचा व खालचा दाब मिळून काढलेला मध्यम आंकडा होय. ज्यांचा दाब औषधानें ताब्यांत होता, अशांपैकीं शेंकडा सुमारें ६० जणांची मात्रा मूळच्या एक तृतीयांशाच्या आसपास उतरवितां आली. औषधानेंहि ज्यांचा दाब आवरत नव्हता, त्यांच्यांत मात्र निम्म्यांनाहि असा गुण आला नाहीं.

कोणी विचारील, हा गुण शवासनाचा कीं नुसत्या विश्रांतीचा? शंका रास्त आहे. इंग्लंडांत डॉ. चंद्रा पटेल यांनीं १९७५ सालीं ३४ रुग्णांच्या, चिठ्ठ्या टाकाव्या तशा, दोन तुकड्या पाडल्या. एकीस सहा आठवडे योगपद्धतीनें अंग शिथिल करण्यास शिकविलें आणि तें कितपत साधलें हें यंत्राकडून रुग्णास कळेल अशी सोय केली. दुसरीस साधी विश्रांति दिली. पहिलीचा दाब १६८/१०० वरून १४१/८४ वर आला, दुसरीचा १६९/१०१ वरून १६०/९६ वर. म्हणजे विश्रांतीनेंहि थोडें साधतें. अभ्यासानें पुष्कळ अधिक.

पण येथेंच पाय घसरतो. माझ्या एका स्नेह्यांनीं असें कांहींसें ऐकून गोळ्या बंद केल्या. वाढलेला दाब बहुधा दुखत नाहीं, खुपत नाहीं. आपण बरे झालों असें त्यांना वाटलें. चार महिन्यांनीं त्यांची उजवी बाजू लुळी पडली.

दुसरी चूक याच्या उलट. जठरव्रण हा काळजीचा रोग अशी वैद्यांची दीर्घकाळ समजूत होती. ऑस्ट्रेलियाच्या मार्शल व वॉरन यांनीं त्याच्या मुळाशीं बहुतेक वेळां एक जंतु असतो हें दाखविलें. २००५ सालीं त्यांना नोबेल पारितोषिक मिळालें. तोंवर ‘काळजी सोडा’ एवढाच उपदेश ऐकून किती जणांनीं वेदना सोसल्या असतील! आजाऱ्यास ‘दोष तुझ्या मनाचा’ असें सांगणें, हें मीं त्या मुलांशीं केलें त्याहून फारसें निराळें नाहीं.

माझी सकाळची गोळी चालूच आहे. सायंकाळीं अर्धा तास सतरंजीवर पडतों. पहिले कांहीं दिवस तर झोपच लागे. दर पंधरवड्यास दाब मोजून वहींत मांडतों आणि ती वही डॉक्टरांपुढें ठेवितों. गोळी निम्मी करावयाची कीं नाहीं, तें ते ठरवितील.