चाळीस वेळा मार, हिशेबात पाच!

गर्दीत मोबाइल मारला गेला, तर पोलिस स्टेशनची पायरी किती जण चढतात? ‘जाऊ दे यार, कोण खेपा घालणार!’ म्हणजे रजिस्टरमध्ये तो गुन्हा घडलाच नाही. यावर उपाय म्हणून १९८२ साली ब्रिटिश क्राइम सर्व्हे सुरू झाला. थेट घरी जाऊन विचारायचं, तुमच्या बाबतीत काय घडलं? झकास आयडिया. पण एकाच व्यक्तीशी पुनःपुन्हा घडलेले सारखे गुन्हे जास्तीत जास्त पाचच धरायचे, असा नियम होता. नवऱ्याने वर्षात चाळीस वेळा मारलं, तरी मोजायचं पाच वेळा! कारण काय, तर मोजक्या बायकांमुळे दरवर्षीचे आकडे वरखाली उड्या मारतात. समाजशास्त्रज्ञ सिल्विया वॉल्बी यावर वर्षानुवर्षं भांडल्या. अखेर २०१९ साली पाचाचा नियम गेला. नवी मर्यादा बरीच सैल आहे. पण आहेच.