वांग्याचं फूल आणि बँकॉकची शाळा

घरामागच्या सांदवाडीतलं वांग्याचं फूल कधी खाली बसून पाहिलंय? जांभळं, चांदणीसारखं आणि मान खाली घातलेलं. थायलंडच्या शाळांत वर्षातून एकदा हेच फूल पूजेच्या तबकात मानानं जाऊन बसतं!

त्या दिवसाला म्हणतात 'वाय ख्रू'. वाय म्हणजे नमस्कार. आणि ख्रू? ओळखा पाहू! अहो, आपला 'गुरू'च तिकडे जाऊन ख्रू झालाय. दिवसही बहुधा गुरुवारचाच, जून महिन्यातला. तिकडची शाळा मे महिन्यात भरते. आपल्या विदर्भात उन्हामुळे शाळेची घंटा जूनच्या शेवटी वाजते, तोवर त्यांचं गुरुपूजन उरकलेलंही असतं.

बँकॉकमध्ये 'सुआनकुलाप वित्तयालय' नावाची एक जुनी सरकारी शाळा आहे. वित्तयालय म्हणजे विद्यालय, कुलाप म्हणजे गुलाब आणि सुआन म्हणजे बाग. राजा चुलालोंगकोर्न यांनी १८८२ साली राजवाड्याच्या आवारात ती सुरू केली. शाळेचे रंग गुलाबी आणि निळा. (आपल्याकडे पुण्यात चिपळूणकर, टिळक आणि नामजोशी यांनी न्यू इंग्लिश स्कूल काढलं ते १ जानेवारी १८८० ला, म्हणजे दोनच वर्षं आधी.) आज ही शाळा बँकॉकच्या मोठ्या फुलबाजाराजवळ आहे.

आता अशा शाळेतल्या वाय ख्रूच्या तबकात डोकावू या. त्यात एक्झोराची फुलं असतात. त्याच्या कळ्या सुईसारख्या टोकदार, तशी बुद्धी तल्लख व्हावी म्हणून. दूर्वा असतात, आपल्या बाप्पाच्याच! बांधावर हीच हरळी कशी पसरते ते तुम्ही पाहताच. जमिनीवर सरपटणाऱ्या तिच्या काडीला पेरापेराशी मुळं फुटतात. उपटली तरी एखादं पेर मातीत राहतं आणि पुन्हा हिरवं होतं. शिकलेलं तसंच पसरत राहावं, असं ती मुलं मानतात.

तबकात लाह्याही असतात, शिस्तीची खूण म्हणून. आपण तर धानाच्या मुलखातले! धान तापलं की दाण्यातल्या ओलाव्याची वाफ होते. टरफल तिला कोंडून धरतं. जोर असह्य झाला की फट्! टरफल फाटतं आणि आतला दाणा फुलून पांढराशुभ्र होतो.

वांग्याचं फूल मात्र माझं सर्वांत लाडकं. मान झुकवलेलं, म्हणून ते नम्रतेची खूण. पण त्या झुकण्यात एक युक्तीही आहे. फुलाच्या मधोमध पिवळ्या परागकोशांचा झुपका असतो. बहुतेक फुलांचे परागकोश उभे चिरून उघडतात, वांग्याच्या परागकोशाला टोकाशी नुसती बारीक छिद्रं. मिठाच्या डबीसारखी! भुंगा येतो, फुलाला खाली लोंबकळतो, पंख न फडफडवता नुसतं अंग थरथरवतो आणि पराग भुरभुर त्याच्या पोटावर सांडतात. बिचाऱ्या मधमाशीला काही ही थरथर जमत नाही.

विद्येला असा नमस्कार आपणही करतो. दसऱ्याला पाटीवर एकाच्या आकड्यांची सरस्वती काढतो, तिच्यावर फुलं आणि आपट्याची पानं वाहतो. तिकडे तबक, इकडे पाटी.

उद्या सकाळी सांदवाडीत जा. वांग्याचं फूल तोडू नका, शेजारी गुपचूप बसा. भुंगा फुलावर टेकला की त्याची गुणगुण एकदम बारीक, चिरकी होते. ती ऐकू आली की समजा, पराग सांडले.