विश्लेषण : महापौर शहराचे प्रथम नागरिक, मग अधिकार कोणाकडे?

रस्त्यावर खड्डा पडला किंवा नळाला पाणी आले नाही की समाजमाध्यमांवर महापौरांना जाब विचारला जातो. प्रत्यक्षात खड्डा बुजवण्याचा आदेश काढणे त्यांच्या हातात नसते. मग महापौर नेमके काय करतात? मुंबईच्या उदाहरणातून समजून घेऊ.

कारभार कोणाच्या हातात?

मुंबई महापालिका १८८८ च्या कायद्यानुसार चालते. कार्यकारी अधिकार आयुक्तांकडे असतात. राज्य सरकारने नेमलेले ते सनदी अधिकारी असतात. मोठ्या खर्चाच्या प्रस्तावांना स्थायी समितीची मंजुरी लागते. महापौरांना जनता थेट निवडत नाही. २२७ प्रभागांतून निवडून आलेले नगरसेवक आपल्यातूनच एकाला अडीच वर्षांसाठी महापौर करतात.

मग महापौरांचे काम काय?

सभागृहाचे अध्यक्षपद भूषवणे हे मुख्य काम. समसमान मते पडल्यास त्यांचे मत निर्णायक ठरते. उरलेली कामे बहुतांशी मानाची : मान्यवर पाहुण्यांचे स्वागत, नागरी सत्कार, ध्वजवंदन, ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर अभिवादन. महापौर निधीतून गरजू रुग्णांना उपचारासाठी मदतही दिली जाते.

नुसत्या मानाचा उपयोग काय?

इमारत कोसळली, आग लागली की महापौर घटनास्थळी आणि रुग्णालयात जातात, ते शहराच्या वतीने. एप्रिल २०२० मध्ये तत्कालीन महापौर किशोरी पेडणेकर परिचारिकेच्या गणवेशात नायर रुग्णालयात गेल्या होत्या. त्या स्वतः पूर्वी परिचारिका होत्या. त्या भेटीसाठी कोणत्याही अधिकाराची गरज नव्हती, पण करोनाच्या भीतीत राबणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या पाठीशी शहर उभे असल्याचा संदेश त्यातून गेला. असा संदेश परिपत्रक काढून देता येत नाही.

खुर्ची रिकामी राहिली तेव्हा काय झाले?

मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि निवडणूक लांबत गेली. मतदान झाले ते थेट जानेवारी २०२६ मध्ये. मधल्या काळात आयुक्तच प्रशासक होते. म्हणजे प्रस्ताव मांडणारेही प्रशासन आणि मंजुरी देणारेही प्रशासनच. नगरसेवक नाहीत, सभागृह नाही आणि प्रशासनाला भर सभेत उत्तर द्यायला लावणारे अध्यक्षही नाहीत. केवळ शोभेचे वाटणारे हे पद सभागृहाशी किती घट्ट बांधलेले आहे, हे या काळात लक्षात आले.

नागरिकांनी काय लक्षात ठेवावे?

खड्ड्याची तक्रार महापालिकेच्या विभाग कार्यालयात किंवा १९१६ या मदत क्रमांकावर करावी. तोच खड्डा दर पावसाळ्यात पुन्हा पडत असेल, तर मात्र आपल्या नगरसेवकाला तो प्रश्न सभागृहात मांडायला सांगावे. त्या चर्चेला वेळ मिळतो का आणि प्रशासनाकडून उत्तर घेतले जाते का, यावर महापौरांचे काम जोखता येते.