इंग्रजीच्या घरगुती शब्दांचे कुळ

रात्रीला ‘नाइट’ म्हणावयाचे तर मध्येच ‘जीएच’ ही अक्षरे कशासाठी, आणि गुडघ्याच्या ‘नी’ या नावाआधी निमूट ‘के’ लिहिण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न ज्याला पडला नाही असा विद्यार्थी आपल्याकडे विरळाच. आणि त्याचे उत्तर पूर्वी बहुधा छडीने दिले जात असले, तरी ते जर्मन भाषेपाशी सहज सापडते. जर्मन मनुष्य रात्रीला ‘नाख्ट’ म्हणतो व गुडघ्याला ‘क्नी’. म्हणजे इंग्रजाच्या मुखातून जे ध्वनी कालौघात लुप्त झाले आणि केवळ लेखनात अवशेषरूपाने उरले, ते त्याच्या या भाऊबंदाने आजही उच्चारात राखले आहेत.

ही भाऊबंदकी इसवी सनाच्या पाचव्या शतकापासूनची. रोमन फौजा ब्रिटन सोडून गेल्यावर उत्तर जर्मनी व डेन्मार्क यांच्या किनाऱ्यांवरील अँगल, सॅक्सन व ज्यूट या टोळ्या समुद्र ओलांडून त्या बेटात उतरल्या. बीड नामक विद्वान ख्रिस्ती संन्याशाने ७३१ साली पूर्ण केलेल्या इतिहासात हा काळ ४४९ च्या सुमाराचा दिला आहे. त्यांच्या बोलीतूनच इंग्रजी निपजली. म्हणून घर इंग्रजीत ‘हाउस’, तसे जर्मनमध्येही ‘हाउस’. जेथे रूपे भिन्न दिसतात तेथेही ती भिन्नता स्वैर नसते: शब्दारंभीच्या इंग्रजी ‘ट’च्या जागी जर्मनमध्ये ‘त्स’ येतो, म्हणून ‘टेन’चा जोडीदार ‘त्सेन’, शब्दाच्या पोटात तोच ‘स’ होतो, म्हणून ‘वॉटर’चा ‘वास्सर’, आणि ‘शिप’चा ‘शिफ’ होतो तोही अशाच नियमाने.

याहूनही प्राचीन असे एक ध्वनिपरिवर्तन डॅनिश पंडित रास्मुस रास्क याने १८१८ साली उजेडात आणले, आणि ज्याच्या परीकथा आपली मुलेही आवडीने वाचतात त्या याकोब ग्रिमने १८२२ साली त्याला नियमाचे रूप दिले. संस्कृताने जो मूळ ‘प’ जतन केला तो जर्मानिक कुळात ‘फ’ झाला, ‘त’चा ‘थ’ झाला, ‘द’चा ‘ट’ झाला. तेव्हा ‘त्रि’ आणि ‘थ्री’, ‘द्वि’ आणि ‘टू’, तसेच ‘पाद’ आणि ‘फुट’ या जोड्या योगायोगाच्या नव्हेत. यावरून आमच्यातील काही उत्साही मंडळी इंग्रजीला संस्कृतची कन्या ठरवून मोकळी होतात, ते मात्र सर्वथा अप्रमाण होय. दोघींचे मूळ त्याहून जुन्या, आता लुप्त झालेल्या एका भाषेत आहे.

१०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले आणि दरबार, कायदा व कारभार यांत फ्रेंच शिरली. तिच्या व लॅटिनच्या शब्दांनी इंग्रजी कोश पुढे इतका फुगला की मूळचे शब्द त्यात अल्पसंख्य ठरले. परंतु फारसीने आमच्या सनदा, फिर्यादी आणि जमाबंदी काबीज करूनही ‘आई’, ‘दूध’, ‘हात’ या शब्दांना जसा धक्का लागला नाही, तसेच तिकडेही ‘मदर’, ‘मिल्क’, ‘हँड’ जागचे हलले नाहीत. आणि ‘इज’, ‘अँड’, ‘ऑफ’ या चिमुकल्या जर्मानिक शब्दांवाचून विद्वत्तेने ओथंबलेले वाक्यही आजतागायत उभे राहत नाही.

त्याआधीच, आठव्या शतकाच्या अखेरीपासून, उत्तरेकडील व्हायकिंग चाल करून आले होते. त्यांची भाषाही याच कुळातली, त्यामुळे एकाच मूळ शब्दाचे इंग्रजी रूप ‘शर्ट’ व नॉर्स रूप ‘स्कर्ट’ अशी दोन्ही वस्त्रे इंग्रजीच्या पदरी पडली. ‘दे’, ‘देम’, ‘देअर’ ही सर्वनामेही तिने त्यांच्याकडूनच घेतली. सर्वनाम उसने घेण्याची पाळी भाषेवर क्वचितच येते. परंतु जुन्या इंग्रजीत ‘तो’ आणि ‘ते’ यांची रूपे उच्चाराने इतकी जवळ येऊ लागली होती, की एकाविषयी बोलणे चालले आहे की अनेकांविषयी, हे कळण्यास ही उसनवारी सोयीचीच ठरली असावी.