गल्ला वेगळा, कमाई वेगळी

समजा, रिसोड तालुक्यात एक बाई आहे. नवरा वारला. शेत नाही. आठवडी बाजारात बांगड्या विकून ती पोट भरते. तिने संजय गांधी निराधार अनुदान योजनेत अर्ज केला. ही योजना आपल्या राज्यात १९८० सालापासून आहे. ६५ वर्षांखालच्या निराधार विधवेला तीतून दरमहा मदत मिळते. जुलै २०२३ मध्ये ही मदत १,००० रुपयांवरून १,५०० रुपये केली गेली. पण एक अट आहे. कुटुंबाचे वर्षाचे उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत पाहिजे. म्हणजे दिवसाला अठ्ठावन्न रुपयेही नाहीत. ही मर्यादा फार तोकडी आहे, असे माझे मत आहे. पण आज नियम असा आहे.

मग तलाठी चौकशीला आले.

"बाई, एका बाजारात किती विकता?"

"बाराशेच्या आसपास, साहेब."

तलाठ्यांनी वर्षाचे ४८ बाजार धरले आणि उत्पन्न लिहिले ५७,६०० रुपये. बाई खोटे बोलली नाही. तलाठ्यांचा गुणाकारही बरोबर आहे. मग चुकले काय?

चुकले ते असे. बाराशे रुपये हा गल्ला झाला. ती कमाई नव्हे. बांगड्या काही झाडाला लागत नाहीत! त्या ठोक दुकानातून सातशे रुपयांना आणल्या. जायला-यायला गाडीभाडे ८० रुपये. बाजाराची पावती २० रुपये. फुटतूट ५० रुपये. एकूण खर्च ८५० रुपये. बाराशेतून हे वजा करा. हातात राहिले ३५०. आता ३५० ला ४८ ने गुणा. १६,८०० रुपये होतात. हे तिचे खरे उत्पन्न. ते मर्यादेच्या आत आहे.

शिंपी, चहावाला, भाजीवाली, सायकल दुरुस्त करणारा, सगळ्यांचा हिशेब असाच असतो. मजुराला मजुरी मिळते, तीच त्याची कमाई. धंदेवाल्याने मात्र विक्रीतून खर्च वजा करायचा असतो. मोठ्या व्यापाऱ्याचा आयकरसुद्धा नफ्यावर ठरतो, गल्ल्यावर नाही. मग गरिबाचाच गल्ला का मोजावा?

पण तोंडी सांगून भागत नाही. एक वही करा. तारीख, विक्री, माल, भाडे, पावती, एवढे पाच रकाने पुरे. आता तुम्हाला लिहिता येते, तर रोज रात्री लिहा. माल घेतल्याची चिठ्ठी आणि बाजाराची पावती फेकू नका. त्या वहीला टाचून ठेवा. घरात दुसरे कोणी कमावत असेल तर तेही सांगा. लपवू नका. स्वयंघोषणापत्रात खोटे लिहिणे हा गुन्हा आहे.

चौकशीत आकडा जास्त लागला असे कळले, तर भांडत बसू नका. तहसीलदारांच्या नावे साधा अर्ज लिहा: "माझी विक्री हेच माझे उत्पन्न धरले आहे. खर्चाचा हिशेब सोबत जोडला आहे. फेरचौकशी व्हावी." तलाठ्यांनी काय लिहिले ते पाहायचे असेल, तर माहिती अधिकाराच्या २००५ च्या कायद्याने अहवालाची नक्कल मागता येते. अर्जाची फी १० रुपये. दारिद्र्यरेषेखालील माणसाला तीही नाही.

उत्पन्नाचा दाखला नाकारला किंवा मुदतीत दिलाच नाही, तर २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे. नाकारायचे असेल तर कार्यालयाने कारण लेखी द्यावे लागते. त्यावर ३० दिवसांच्या आत पहिले अपील करता येते. तेथे न्याय मिळाला नाही तर दुसरे अपील आहे. अपील कोणत्या साहेबांकडे करायचे, ते कार्यालयातील फलकावर लिहिलेले असते. नसेल तर विचारा. विचारायला लाजू नका.

प्रत्येक अर्जाच्या दोन प्रती करा. एक कार्यालयात द्या. दुसरीवर शिक्का, तारीख आणि सही घ्या. ती पोच घरी पत्र्याच्या पेटीत ठेवा, कारण अर्जाची मुदत मोजायची ती कागदावरच्या तारखेपासून.