मास्टर डिस्कवर नाव लिहायचं कुठे?

आवाजाची जपणूक : लेखांक ९

मास्टर सीडी राइट कशी करायची ते आपण मागच्या आठवड्यात पाहिलं. वेग कमी ठेवायचा, ‘डिस्क ॲट वन्स’ पद्धतीने सगळं एका दमात लिहायचं आणि शेवटी चुकांची तपासणी करायची. तपासणीत उतरलेली ती चकती आता तुमच्या हातात आहे आणि शेजारच्या कोऱ्या चकतीत आणि तिच्यात डोळ्याला फारसा फरक दिसत नाही. त्यामुळे तिच्यावर लगेच काहीतरी खूण करायला हवी. नेमक्या याच पुढच्या दोन मिनिटांत आधीची सगळी मेहनत वाया जाऊ शकते. तशी गेलेली मी वारंवार पाहतो, म्हणून आजचा अख्खा लेखांक नाव घालण्यावर खर्च करतो आहे.

आधी एक पक्का रुजलेला समज बाजूला ठेवू. सीडी हाताळताना आपण तिची चकचकीत बाजू जपतो. त्या बाजूला बोट लागलं तर हळहळतो आणि छापील बाजू मात्र बिनधास्त टेबलावर घासतो. खरी नाजूक बाजू छापील आहे. सीडीची जाडी १.२ मिलिमीटर असते आणि ती जवळजवळ सगळी पॉलिकार्बोनेट या पारदर्शक प्लॅस्टिकची असते. या प्लॅस्टिकच्या वरच्या अंगाला, म्हणजे नावाच्या बाजूला, रंगद्रव्याचा थर असतो. लेझर ज्यात खुणा करतो तो हाच थर. त्याच्यावर चांदीचा किंवा सोन्याचा परावर्तक मुलामा आणि त्यावर संरक्षक लॅकर. या लॅकरची जाडी पाच-दहा मायक्रॉनच्या आसपास असते. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, यावरून अंदाज करा. आवाजाच्या एका बाजूला मिलिमीटरभर प्लॅस्टिक आहे आणि दुसऱ्या बाजूला केसापेक्षा कितीतरी पातळ पापुद्रा. आपण पेन टेकवतो ते त्या पापुद्र्यावर.

खालच्या बाजूला ओरखडा गेला तरी बरेचदा सीडी वाजते. लेझरचा झोत प्लॅस्टिकमध्ये शिरतो तेव्हा जवळपास पाऊण मिलिमीटर रुंद असतो आणि आत माहितीच्या थरापाशी पोचेपर्यंत दीड-दोन मायक्रॉनच्या ठिपक्यावर एकवटतो. पृष्ठभागावरचा बारीक ओरखडा त्या झोताच्या वाटेत असतो, पण त्याच्या नजरेत नसतो. शिवाय काही माहिती वाचता आली नाही तर सीडीतली चूक-दुरुस्तीची व्यवस्था मार्गावरची सुमारे अडीच मिलिमीटरपर्यंतची सलग फट भरून काढू शकते. खोल चरा असला तर तो पॉलिशने घासूनही काढता येतो. नावाच्या बाजूने ओरखडा आत गेला, की मुलामा आणि रंगद्रव्यच खरवडून निघतं. तिथे पॉलिश करायला काही उरतच नाही.

हे एकदा ध्यानात आलं, की कोणतं पेन घ्यायचं हा प्रश्न निम्मा सुटतो. बॉलपेन आणि पेन्सिल अजिबात नको. त्यांच्या टोकावर हाताचा सगळा दाब एकवटतो आणि लॅकरला खोच पडते. खोच आज दिसली नाही तरी तिथून दमट हवा आत शिरायला वाट होते आणि चांदीचा मुलामा हळूहळू काळवंडतो. स्टेशनरीच्या दुकानात मिळणाऱ्या पर्मनंट मार्करचं टोक मऊ असतं, पण त्याच्या शाईचा त्रास होतो. झाकण काढल्याबरोबर नाकात झिणझिण्या येतात अशा मार्करमध्ये झायलीन, टोल्युईन यांसारखी द्रावकं असतात. ती लॅकर मऊ करतात आणि कालांतराने आत झिरपतात. अल्कोहोलची शाई त्या मानाने सौम्य. सर्वांत भरवशाचा तो पाण्याच्या शाईचा, मऊ टोकाचा मार्कर. २००३ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक आणि तंत्रज्ञान संस्थेतल्या फ्रेड बायर्स यांनी ग्रंथपालांसाठी आणि अभिलेखपालांसाठी सीडी-डीव्हीडीच्या निगराणीवर एक पुस्तिका लिहिली. द्रावक असलेली शाई टाळा आणि चिकटणारी लेबलं लावू नका, हे दोन्ही सल्ले त्यात स्पष्ट आहेत. इतकी वर्षं उलटल्यावरही त्यात बदल करावा असं मला काही आढळलेलं नाही.

पेन ठरलं, आता जागा. आपली चकती टेबललॅम्पसमोर तिरकी धरून पाहा. मधलं भोक १५ मिलिमीटर व्यासाचं. त्याच्याभोवती काचेसारखं आरपार दिसणारं कडं. त्याच्या बाहेरच्या अंगाला बारीक अक्षरांत कारखान्याने उठवलेला क्रमांक सापडेल. त्यानंतर रंग सुरू होतो. तो कुठे निळसर-हिरवा, कुठे फिकट सोनेरी, कुठे गडद निळा असतो, ज्या त्या रंगद्रव्याप्रमाणे. राइट झालेल्या चकतीवर हा रंग एका ठिकाणी छटा बदलतो. आतला भाग किंचित गडद आणि बाहेरचा उजळ दिसतो. आतला भाग म्हणजे आपलं ध्वनिमुद्रण आणि बाहेरचा म्हणजे कोरी उरलेली जागा. सीडी आतून बाहेर लिहिली जाते, हेही यातून डोळ्यांना दिसतं.

नाव लिहायचं ते त्या आरपार दिसणाऱ्या कड्यावर. साधारण ४४ मिलिमीटर व्यासाच्या आत माहिती नसतेच, त्यामुळे तिथे शाई झिरपून बिघडण्यासारखं काही नाही. जागा चिंचोळी आहे. तिच्यात मावेल तेवढंच लिहा : कॅटलॉग क्रमांक, ‘मास्टर’ हा शब्द, प्रत १ किंवा २ आणि तारीख. अल्बमचं नाव, गायक, वादक, गाण्यांचा क्रम, प्रत्येकाची लांबी, कुणी आणि कोणत्या यंत्रावर राइट केलं, चुकांच्या तपासणीचा निकाल ही सगळी माहिती वेगळ्या कार्डावर लिहा आणि ते कार्ड डबीत ठेवा. कार्ड डबीत सरकवण्याआधी लिहा. चकती आत असताना पाकिटावर बॉलपेनने पत्ता लिहिणारे पुष्कळ भेटतात आणि त्या अक्षरांचा दाब कागदातून थेट लॅकरवर उतरतो. डबीही अशी हवी, की चकती मधल्या खुंटीवर पकडलेली राहील आणि तिचे पृष्ठभाग कशालाच टेकणार नाहीत. कागदी पाकीट मास्टरसाठी नाहीच.

आता स्टिकर. याबद्दल मला जरा कळकळीने लिहायचं आहे.

एका कुटुंबाने त्यांच्या आजोबांच्या कीर्तनाच्या दोन सीडी माझ्याकडे आणल्या. मूळ कॅसेट केव्हाच खराब होऊन टाकून दिलेल्या, त्यामुळे या दोन चकत्या हीच शेवटची ठेव. दोन्हींवर आजोबांच्या फोटोचं गोल स्टिकर होतं. ते घरच्या प्रिंटरवर मोठ्या प्रेमाने छापलेलं होतं. पहिल्या सीडीवरचा पूर्वरंग बराचसा सुखरूप होता. दुसरीवर उत्तररंग होता आणि तिच्या स्टिकरला कडेला फुगा आलेला. तो सरळ करावा म्हणून घरातल्याच कुणीतरी कडा थोडी ओढून पाहिली होती. चकती दिव्यासमोर धरली तेव्हा नखाएवढ्या जागेतून उजेड आरपार आला. मुलामा स्टिकरला चिकटून निघून गेला होता आणि त्याच्यासोबत तिथला आवाजही. बाहेरची कडा म्हणजे ध्वनिमुद्रणाचा शेवट. आख्यान ऐन शेवटाकडे आलेलं असताना आवाज तुटतो, पुन्हा येतो, पुन्हा तुटतो. सगळ्यात कमी वेगावर, वेगवेगळ्या ड्राइव्हवर पुन्हा पुन्हा वाचून बाकीचं मिळवलं. त्या नखाएवढ्या जागेतलं मात्र कोणत्याही यंत्राला परत आणता येणार नाही.

स्टिकर ओढताना असं का होतं? डिंकाची पकड लॅकरच्या पकडीपेक्षा जोरदार असते. कडा उचलली की सगळा ताण एका बारीक रेषेवर येतो आणि तिथे लॅकर, मुलामा, रंगद्रव्य सगळं एकदम उचललं जातं. ओढलं नाही तरी स्टिकर स्वस्थ बसत नाही. कागद दमट हवेत ओल धरतो आणि फुगतो, कोरड्या हवेत आक्रसतो. प्लॅस्टिक त्याच्या तालावर चालत नाही. कोकणातला किंवा मुंबईतला एक पावसाळा आणि त्यानंतरचा एक उन्हाळा एवढं चकतीला बाक येण्यासाठी पुरेसं असतं. डीव्हीडीला हा बाक अधिक बाधतो. डीव्हीडी म्हणजे ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्या एकमेकींना चिकटवलेल्या आणि माहिती मधोमध. त्यामुळे वरच्या ओरखड्यापासून ती सीडीपेक्षा सुरक्षित. पण तिच्या खुणा फार दाट असतात. सीडीवर दोन फेऱ्यांमधलं अंतर १.६ मायक्रॉन, तर डीव्हीडीवर ०.७४. किंचित तिरकेपणाही तिच्या लेझरला चालत नाही. लग्नाची डीव्हीडी ‘आधी लागायची, आता लागत नाही’ अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांना मी पहिल्यांदा विचारतो ते हेच, की स्टिकर आहे का.

तोल हा आणखी एक भाग. साध्या सीडी प्लेअरमध्ये गाणं वाजताना चकती मिनिटाला ५०० ते २०० फेरे घेते. संगणकाच्या ५२ पट वेगाच्या ड्राइव्हमध्ये हेच फेरे दहा हजारांच्या घरात जातात. स्टिकर केसभर एका बाजूला सरकलेलं असलं तर म्युझिक सिस्टीमला कळणारही नाही, संगणकाचा ड्राइव्ह मात्र थरथरायला लागतो. मग दोष ड्राइव्हला दिला जातो. गाडीतल्या, चकती थेट फटीतून आत घेणाऱ्या प्लेअरमध्ये तर स्टिकरची सुटलेली कडा अडकून चकतीच आत राहते.

छपाईचं काय? वाटण्यासाठी, विकण्यासाठी, कार्यक्रमात भेट देण्यासाठी काढलेल्या प्रतींवर छपाई जरूर करा, त्यासाठीच्या चकत्या वेगळ्या मिळतात. ‘इंकजेट प्रिंटेबल’ चकतीवर शाई शोषून घेणारा पांढरा थर असतो आणि प्रिंटरचं डोकं चकतीला न टेकता शाई उडवतं, म्हणून ही पद्धत छोट्या कामाला उत्तम. आधी राइट करा, तपासा आणि मग छापा. छापताना लागलेली धूळ आणि बोटांचे ठसे राइट करण्याच्या आड येतात, शिवाय बिघडलेल्या चकतीवर शाई वाया जात नाही. छापल्यावर किमान २४ तास मोकळ्या हवेत, एकेक सुटी, वाळू द्या. पावसाळ्यात याहून जास्त. ओलसर चकत्या एकावर एक रचल्या तर वरच्या चकतीच्या वाचायच्या बाजूला खालचीची शाई लागते. आणि छपाई अगदी भोकापर्यंत नेऊ नका. ड्राइव्ह चकतीला जिथे पकडतो, तो साधारण २६ ते ३३ मिलिमीटर व्यासाचा पट्टा कोरा राहू द्या. तिथली दमट शाई पकडीला चिकटते.

थर्मल पद्धतीत रिबनवरची शाई उष्णतेने उतरते. ती ओल्या बोटाने फिसकटत नाही, पण यंत्र महाग, त्यामुळे ती मोठ्या संख्येलाच परवडते. चकती उलटी घालून लेझरनेच नाव कोरणारं ‘लाइटस्क्राइब’ हे तंत्र २००४ च्या सुमारास एचपीने आणलं होतं. ते सुबक होतं, पण उजेडात फिकं पडायचं.

हे सगळं प्रतींसाठी. मास्टरवर छपाई नकोच, अगदी इंकजेटचीसुद्धा. मास्टर सुंदर दिसावी म्हणून धडपडणारे एक गोष्ट विसरतात. कारखान्यात मास्टरमधली फक्त माहिती घेतली जाते. तिच्यावरून काचेची मास्टर बनते, काचेवरून निकेलचा साचा आणि साच्यातून हजारो चकत्या निघतात. त्या चकत्यांवरचं चित्र स्वतंत्र आर्टवर्कच्या फाइलवरून, स्क्रीन किंवा ऑफसेटने, शेवटी छापलं जातं. तुमच्या मास्टरवरचं चित्र विकत घेणाऱ्याला कधीच दिसत नाही. उलट स्टिकर लावलेली मास्टर अनेक कारखाने हातातही घेत नाहीत, कारण वाचताना एक जरी दुरुस्त न होणारी चूक निघाली तरी ती प्रत्येक चकतीत उतरते. एकसारख्या दोन मास्टर करा. एक कारखान्याला द्या, दुसरी आपल्याकडे ठेवा. ऐकून पाहायची प्रत तिसरी, म्हणजे मास्टर प्लेअरमध्ये जाणारच नाही.

आज बहुतेक काम फाइल पाठवून होतं आणि मास्टर सीडी कारखान्यात जाण्याचे दिवस जवळपास सरले, हे खरं. पण १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून पुढची दहा-पंधरा वर्षं मराठीत जे भावगीत, कीर्तन, नाट्यवाचन, लोकगीत नोंदलं गेलं, त्यातलं पुष्कळसं अशाच चकत्यांवर आहे. छोट्या कंपन्या बंद पडल्या, साचे मोडीत गेले, हार्ड डिस्क बदलल्या गेल्या. कपाटातली ती एक चकती हेच आता मूळ आहे.

म्हणून एक विनंती. तुमच्याकडे स्टिकर लावलेली अशी सीडी किंवा डीव्हीडी असेल तर स्टिकर काढायला जाऊ नका. कडा सुटली असली तरी ती ओढू नका, आणि डिंक लावून पुन्हा चिकटवूही नका. या आठवड्यातच ती कमी वेगावर संगणकात उतरवून घ्या, दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा आणि मगच मूळ चकती डबीत उभी ठेवून द्या. उतरवून घेतलेल्या फाइलींना नावं कशी द्यायची आणि त्या कोणत्या स्वरूपात ठेवायच्या, ते पुढच्या लेखांकात पाहू.