वादळात पत्रे उडाले? घराच्या विम्याचा दावा असा करा

एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर आभाळ भरून आलं, वारं सुटलं की सेनगाव तालुक्यातल्या साखऱ्यासारख्या गावात नजर आधी घरावरच्या पत्र्यांकडे जाते. पत्र्यांवर दगड ठेवलेले असले तरी जोराच्या वाऱ्यात ते उडतात. मग सकाळी पहिलं काम म्हणजे ते गोळा करून पुन्हा ठोकणं. घराचा विमा असेल, तर दावा इथेच अडू शकतो, कारण दाखवायला नुकसानच उरत नाही.

त्यामुळे हातोडा घेण्याआधी मोबाईल घ्या. उघडं छप्पर, वाकलेले पत्रे, तुटलेले अँगल, भिजलेलं सामान, सगळ्याचे फोटो आणि व्हिडिओ काढा. त्यानंतर ताडपत्री टाका. पुढचं नुकसान टाळणं ही विमाधारकाचीच जबाबदारी असते. ताडपत्रीची पावती जपून ठेवा, मोडके पत्रे लगेच भंगारात देऊ नका.

पीक विम्यामुळे '72 तासांत कळवा' हे गावात सगळ्यांना पाठ आहे. घराच्या विम्यात मात्र कंपनीला लगेच कळवायचं असतं. 1 एप्रिल 2021 पासून लागू झालेल्या 'भारत गृह रक्षा' या प्रमाणित पॉलिसीत दाव्याचा अर्ज नुकसान लक्षात आल्यापासून 30 दिवसांत द्यावा लागतो. वादळ, पूर, वीज, भूकंप हे सगळं तिच्यात येतं. घरातल्या सामानालाही इमारतीच्या विमा रकमेच्या 20 टक्के, कमाल 10 लाखांपर्यंत संरक्षण आपोआप मिळतं. म्हणजे घराचा विमा 8 लाखांचा असेल, तर टीव्ही, फ्रिज, कपाट धरून 1 लाख 60 हजारांपर्यंत. जुनं झाल्यामुळे गळणारं छप्पर मात्र यात बसत नाही. सर्व्हेअर पाहणीला येतो तेव्हा हाच फरक बघतो.

पॉलिसी आहे की नाही, हेच अनेकांना माहीत नसतं. गृहकर्ज असेल तर बँकेत विचारा. पण नीट विचारा: कर्जासोबत दिलेला विमा बऱ्याचदा कर्जदाराच्या जीवाचा असतो, घराचा नसतो.

विमा असो वा नसो, तलाठ्यांना कळवून पंचनामा करून घ्या. त्याची प्रत विमा कंपनीकडेही पुरावा म्हणून कामी येते. सरकारी मदत वेगळी आणि तुटपुंजी आहे. केंद्राच्या 2022-23 ते 2025-26 या काळातल्या निकषांनुसार किमान 15 टक्के पडझड झालेल्या पक्क्या घराला 6,500 रुपये, कच्च्या घराला 4,000 रुपये. घर पूर्ण पडलं तर सपाट भागात 1 लाख 20 हजार.

दावा नाकारला, तर कारण लेखी मागा. आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी तक्रार करा. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा ते पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. तिथे फी नाही, वकीलही लागत नाही.